कॅलिफोर्नियातले स्कूल डिस्ट्रिक्ट अहवालाच्या जोरावर लोकांचा पाठिंबा कसा मिळवतात?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतले स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, दरवर्षी उत्तरदायित्वाचे जाडजूड अहवाल काढतात, ते कुणी वाचत नाही, मग त्यातून लोकांचा पाठिंबा मिळतो तरी कसा?

मी कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या डिस्ट्रिक्टच्या बॉण्ड (कर्जरोखे) देखरेख समितीवर पालकांच्या जागेवर चार वर्षं होतो, त्या अनुभवावर सांगतो.

कुणी वाचत नाही हे खरंच. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ मुळे (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) इथल्या प्रत्येक सरकारी शाळेला ‘सार्क’ नावाचं रिपोर्ट कार्ड काढावं लागतं, दरवर्षी १ फेब्रुवारीच्या आत. शिक्षक पात्र आहेत का, पुस्तकं सगळ्यांना पुरली का, इमारत कोणत्या अवस्थेत आहे, सगळं त्यात असतं. शाळा ते भरतात, वेबसाइटवर टाकतात आणि मोकळ्या होतात. कायदा पाळला जातो, मत कुणाचंही बदलत नाही.

मत बदलायची गरज पडते ती बॉण्डच्या वेळी. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कर १ टक्क्यावर बांधून टाकला. त्यामुळे नवी इमारत, छप्पर, प्रयोगशाळा हवी असेल तर डिस्ट्रिक्टला कर्जरोख्यांसाठी मतदारांच्या दारात जावं लागतं. पूर्वी दोन-तृतीयांश मतं लागायची. नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ ने ५५ टक्क्यांचा रस्ता उघडला, पण अटी घालूनच. कामांची यादी आधी जाहीर करा, शिक्षकांच्या पगाराला यातला पैसा लावू नका, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करा, आणि किमान सात नागरिकांची देखरेख समिती नेमा. समितीत एक जण करदात्यांच्या संघटनेचा आणि एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा हवाच. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा कंत्राटदार चालत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सरकारी पैशातून ‘होय म्हणा’ असा प्रचार करता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ते स्पष्ट केलंय. माहिती मात्र देता येते. म्हणजे डिस्ट्रिक्टच्या हातात उरतो तो अहवालच.

आमचा पहिला अहवाल गुळगुळीत कागदावर आला. हसरी मुलं, टोप्या घातलेले अधिकारी, फावडी. समितीतल्या करदाता संघटनेच्या आजोबांनी तो शांतपणे चाळला आणि विचारलं, “अमुक शाळेच्या छपराचं काय झालं?” खर्च वाढला होता, काम लांबलं होतं, आणि ते कुठे तरी मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. त्यानंतर त्या हसऱ्या मुलांकडे कुणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही हट्ट धरला की पहिल्या पानावर फक्त तक्ता हवा. मतदारांना काय सांगितलं होतं, मूळ अंदाज किती, आता किती, काम कुठवर आलं, उशीर का झाला. कार्यालयातले लोक घाबरले. विरोधकांच्या हाती कोलीत देताय, म्हणाले. मला आठवली आमच्या गावची शाळा. तिथे प्रत्येक पंख्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असायचं, त्यामुळे पंखा बंद पडला की कुणाचा बंद पडला ते अख्ख्या वर्गाला दिसायचं! पण म्हणूनच पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेलं की लोक द्यायचे.

तर तक्ता छापला. छपराची ओळ सगळ्यात वर, कारणासकट. आणि तो पालकांपुरता न ठेवता घरोघरी टपालाने पाठवला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्यांची मुलं केव्हाच शिकून गेली, त्यांचंही मत लागतं आणि शाळेची ईमेल त्यांना कधीच जात नाही. परीक्षेच्या निकालांचंही तसंच. २०१७ पासूनच्या राज्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांची कामगिरी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, लाल (सगळ्यात वाईट) ते निळा (सगळ्यात चांगला) असे पाच रंग असतात. लाल रंग लपवता येत नाही, तेव्हा तो आपणच आधी दाखवावा आणि त्यावर काय चाललंय ते दोन ओळींत सांगावं.

काही वर्षांनी दुसरा बॉण्ड आला. मतदारांना घरी येणाऱ्या माहितीपुस्तिकेत विरोधी बाजू छापायची सोय असते, आणि मागच्या वेळी ती याच आजोबांनी लिहिली होती. या वेळी ती जागा रिकामी होती. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, “मी ‘नाही’ असंच मत देणार आहे. पण लिहायला काही उरलं नाही, सगळं तुम्हीच छापलंत.”