आईला ‘ऑफिसचं काम आहे’ सांगून श्रीलंकेला जाऊ का?

‘अक्का, मी एकोणतीस वर्षांची. माहेर-घर सगळं सांगलीत, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी साखरपुडा होऊन माझं लग्न मोडलं. त्यानंतर एका मैत्रिणीबरोबर श्रीलंकेचा बेत ठरला. जानेवारीत, अकरा दिवस, पाठीवर सॅक टाकून, स्वस्तात. आता मैत्रिणीनं अंग काढून घेतलंय. माझी रजा मंजूर आहे, विमानाचं तिकीट काढून झालंय, वरच्या खर्चाला चाळीस हजार बाजूला आहेत. जाफना, त्रिंकोमाली, सिगिरिया, कँडी, एल्ला, अरुगम बे, मिरिसा, गॉल असं सगळं बेट फिरायचं आहे. आई ‘एकटी’ हा शब्द ऐकला तरी झोपणार नाही. ऑफिसच्या कामाला बंगळूरला चाललेय असं सांगू का? पैसे पुरतील का? आणि हसू नका, पण मला हॉटेलात एकटीनं जेवायला बसायची लाज वाटते.
– पाठीवरचं बिऱ्हाड’

अगं बिऱ्हाडा,

हसले नाही. उलट तेच वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे शेवटी येते, कारण माझ्या मते तुझा खरा प्रश्न तो आहे. आधी आई.

खोटं सांगू नकोस. हे मी नीतिमत्तेची शाल पांघरून सांगत नाहीये. थापा मीही भरपूर मारल्यात, काही अजून पचलेल्या आहेत. माझं कारण व्यवहाराचं आहे. आपण कुठे आहोत हे ज्या माणसाला ठाऊक नाही, त्याला आपण अडचणीत फोन करत नाही. करायचा म्हटला तर आधी थापेचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून टाळतो, आणि मग समोर जो कुणी गोड बोलतोय त्याच्यावर विसंबतो. रात्री दहाला एखाद्या डोंगरातल्या स्टेशनावर उतरलीस आणि खोलीवाला म्हणाला, ‘बुकिंग नाही’, तर त्या क्षणी तुला कुणाचा आवाज ऐकावासा वाटेल? त्या माणसाला तू आत्ताच बंगळूरला पाठवायला निघालीस.

आता सांगायचं कसं. फोनवर नको. एका शनिवारी सांगलीला जा, चहा झाला की बस. परवानगी मागू नकोस, बातमी दे. आणि ‘काळजी करू नकोस’ हे तर अजिबात म्हणू नकोस. आईला काळजी करायला काहीतरी नेमकं हवं असतं, ते दे. एक कागद लिही. कुठल्या तारखेला कुठल्या गावात, राहायच्या जागेचं नाव, तिथला फोन. रोज रात्री आठला मेसेज येईल. दहापर्यंत आला नाही तर या नंबरवर लावायचा. तिथलं घड्याळ आपल्याच घड्याळावर चालतं, त्यामुळे आठ म्हणजे आठच. कागदाच्या तळाशी दोन आकडे लाल शाईनं लिही, तिथल्या पोलिसांचा ११९ आणि रुग्णवाहिकेचा १९९०. ही रुग्णवाहिका सेवा फुकट आहे आणि २०१६ साली भारताच्या मदतीनं सुरू झाली, हेही सांग. अशा गोष्टींनी आयांना उगाचच बरं वाटतं.

आणखी एक युक्ती. तुझी आई साधारण माझ्याच वयाची असणार. आमच्या लहानपणी श्रीलंका म्हणजे रावण नव्हता, रेडिओ होता. घरात कुणीतरी खुंटी पिळत बसायचं आणि खरखरीतून ‘सिलोन’ लागलं की हिंदी गाणी सुरू. तिला विचार, सिलोन ऐकायचीस का? ऐकत असली तर ती दहा मिनिटं बोलेल, आणि त्या दहा मिनिटांत त्या देशाची भीती अर्धी होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी कागद आहेच.

ती एक मात्र म्हणेल, ‘लग्न मोडलं म्हणून पोरगी बिथरली, असं लोक म्हणतील.’ म्हणू देत. तू त्याच्यामुळे चाललीस की नाही, मला माहीत नाही. असलीस तरी त्यात वाईट काही नाही. फक्त तो बघेल म्हणून तिथून स्टेटस टाकायचं नाही. तेवढं पथ्य पाळ.

आता तुझा बेत. अगं, अकरा दिवसांत आठ ठिकाणं! ही सहल झाली की वरात? नकाशावर बेट लहान दिसतं, पण बसने डोंगर चढायला लागलीस की कळेल. जानेवारीत पूर्वेच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचं शेपूट असतं, समुद्र खवळलेला असतो. त्रिंकोमाली आणि अरुगम बे मे ते सप्टेंबरात जायच्या जागा. म्हणजे त्या दोन गेल्या. जाफना सुंदर आहे, पण पार वरच्या टोकाला. तेही पुढच्या खेपेला. राहिलं ते भरपूर आहे.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, आणि नेगोंबो तिथून जवळ. रात्री उतरणार असशील तर पहिली रात्र तिथेच काढ, कोलंबोच्या रहदारीत शिरू नकोस. मग कँडी. तिथून बसने दांबुल्ला-सिगिरिया. सिगिरियाच्या खडकावर चढायचं परदेशी लोकांचं तिकीट जबर आहे, पण आपल्यासारख्या सार्क देशांच्या पासपोर्टवर कमी होतं, तेव्हा पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नकोस. तरी जड वाटलं तर समोरच्या पिदुरंगला खडकावर थोडक्या पैशांत चढता येतं, आणि तिथून सिगिरियाचा अख्खा खडक दिसतो. सिगिरियावर उभं राहून तो कसा दिसणार?

कँडीहून पुढे आगगाडी. कँडी ते एल्ला सहा-सात तास, चहाच्या मळ्यांतून. आरक्षण फार लवकर संपतं, पण बिनआरक्षणाचं तिकीट त्या दिवशी खिडकीवर मिळतं आणि अगदी स्वस्त असतं. आपल्या पॅसेंजरची सवय आहे ना, मग झालं. निघण्याआधी गाडी पूर्ण मार्गावर धावतेय का तेवढं विचार, पावसात तिथे दरडी पडतात. आणि दारात लोंबकळून फोटो काढायचे नाहीत. तसं करताना माणसं गेली आहेत. हे माझं म्हातारपण बोलत नाहीये.

वाटेत हॅटनला उतर, ही माझी आज्ञा समज. तिथून बसने नल्लतन्नीला जायचं आणि मध्यरात्रीनंतर श्रीपादचा डोंगर चढायला लागायचं. २२४३ मीटर उंच, साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रा असते, म्हणजे जानेवारीत रात्रभर दिवे आणि चहाच्या टपऱ्या चालू. माथ्यावर एक पाऊल उमटलंय. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान आणि ख्रिस्ती म्हणतात आदमचं. कुणी भांडत नाही, सगळे दमलेले असतात. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत जाणाऱ्या आज्या, अशा गर्दीत तू एकटी पडणारच नाहीस. पौर्णिमेची रात्र मात्र टाळ, पाऊल ठेवायला जागा नसते. स्वेटर ने. वर एक घंटा आहे, जितक्यांदा चढून आलात तितके टोल द्यायचे. मी छप्पन्नाव्या वर्षी, गुडघ्यांना शिव्या घालत, एक दिला.

हो, मी गेले होते. एकटी. म्हणून तर एवढं अधिकारानं लिहितेय.

कँडीहून दांबुल्लाला निघालेली बस खच्चून भरलेली. मी उभी, पाठीवर सॅक. खिडकीजवळच्या एका बाईनं काही न बोलता माझ्या सॅकचा पट्टा धरून ओढला. मी सॅक घट्ट धरली. तिनं पुन्हा ओढली. मी मराठीतून ओरडले, ‘ओ बाई!’ बस हसायला लागली. कंडक्टरनं खुणेनं समजावलं, बसलेल्यांनी उभ्या असलेल्यांचं सामान मांडीवर घ्यायची तिथे रीतच आहे. ती बाई पुढचा दीड तास माझं सहा किलोचं बिऱ्हाड मांडीवर घेऊन बसली. उतरताना मला ‘अक्का’ म्हणाली. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात गं! आणि धन्यवादाला ‘स्तुती’. मी दिवसभर ज्याची त्याची स्तुती करत हिंडले.

तुझी पंचाईत वेगळी होणार आहे. सिंहलीत धाकट्या बहिणीला ‘नंगी’ म्हणतात. भाजीवाला, रिक्षावाला, कंडक्टर, सगळे तुला ‘नंगी, नंगी’ करतील. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा हात चपलेकडे जाईल. जाऊ देऊ नकोस, तो माणूस तुला धाकटी बहीण म्हणतोय. बसच्या पुढच्या जागा भिक्षूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नकोस, आणि भिक्षूशेजारी बाईनं बसायचं नसतं. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढला तर लोक खरंच दुखावतात.

सगळं असं गोड-गोडच आहे असंही नाही. किनाऱ्यावरच्या गावांत, मिरिसा म्हण, हिक्कडुवा म्हण, ‘कुठून आलीस, एकटीच का’ करत मागे येणारे भेटतात. ‘नवरा खोलीवर आहे’ ही थाप चालेल. (आईला नको म्हटलं, यांना खुशाल मार.) अंधार पडल्यावर सामसूम किनाऱ्यावर फिरायचं नाही, आणि रिक्षा रस्त्यात हात करून घेण्यापेक्षा पिकमी ॲपवरून बोलाव. आणखी एक. सांगलीची आहेस, कृष्णेत पोहायला शिकली असशील. समुद्र म्हणजे कृष्णा नव्हे. दक्षिण किनाऱ्यावर पाण्याची ओढ आत नेते. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झटत बसू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो आणि मग बाहेर ये. त्याहून बरं म्हणजे स्थानिक पोरं जिथे डुंबत नाहीत, तिथे उतरूच नकोस.

पैसे पुरतील. आपल्या एका रुपयाला तिथले तीन-साडेतीन येतात. बायकांच्या डॉर्मिटरीत खाट, बस, आगगाडी, दुपारी राइस-करी असं राहिलीस तर चाळीस हजारांतले उरतील. सफारीची जीप आणि दिवसभराची खासगी गाडी, या दोन गोष्टी खिसा कापतात. चाळीसातले दहा हजार मात्र वेगळे काढ आणि विसरून जा. ते भीतीचे पैसे. खोलीवाल्याची नजर आवडली नाही, रात्र झाली, पोट बिघडलं, तर हिशेब न करता चांगल्या हॉटेलात जायचं किंवा टॅक्सी करायची. स्वस्तात फिरण्याच्या हट्टापायी नको त्या जागी रात्र काढू नकोस. व्हिसाचं काम म्हणजे ईटीए, ऑनलाइन मिळणारा प्रवासाचा परवाना; तो फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढ, तशाच दिसणाऱ्या फसव्या साइट बऱ्याच आहेत.

आता जेवण.

कँडीतल्या तिसऱ्या रात्री मी एका छोट्या खानावळीत कोत्तू मागवलं. तव्यावर दोन पात्यांनी रोटी चिरत खणखणाट करतात ना, ते. चार खुर्च्यांचं टेबल, एकटी मी. मेनूकार्ड तोंडासमोर धरून बसले होते, कार्डावर तीनच पदार्थ होते तरी. तेवढ्यात मालकाची आठ-नऊ वर्षांची पोरगी वह्या घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून गणितं करायला लागली. माझी सोबत म्हणून नव्हे. पंखा फक्त त्याच टेबलावर होता. मध्येच माझं पाण्याचं भांडं तिनं कोपरानं सरकवलं, तिला वही ठेवायला जागा हवी होती. मी इतकी अवघडून बसले होते आणि तिच्या लेखी मी पाण्याच्या भांड्याएवढीच अडचण होते. मग मी कार्ड खाली ठेवलं आणि जेवले.

तू हे तिथे जाऊन शिकू नकोस, इथेच शिक. येत्या रविवारी दुपारी एकला, ऐन गर्दीत, पेठेतल्या एखाद्या खानावळीत जा. मोबाइल पिशवीत. पूर्ण थाळी, ताकासकट. पुण्यात चारांच्या टेबलावर एकटीला कुणी बसूच देत नाही म्हणा, समोर कुणीतरी येऊन ‘जरा मीठ सरकवा’ म्हणतंच. पुढच्या रविवारीही जा. मग एसटीनं एकटी वेंगुर्ल्याला जा, दोन रात्री राहा, सॅक तीच घे. ती जड वाटली तर अर्धे कपडे घरी ठेवायला तेव्हाच सुचेल.

शाकाहारी असलीस तर एक लक्षात ठेव. ओल्या नारळाची तांबडी चटणी मिळते, पोल सांबोल. दिसायला आपलीच, पण तिच्यात बऱ्याचदा उंबलकड, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा असतो. विचारून घे. खात असलीस तर विचारू नकोस, दोनदा वाढून घे.

शनिवारी आई काय म्हणाली ते कळव. ‘बाबांना मी सांगते’ म्हणाली, तर सॅक माळ्यावरून काढायला हरकत नाही.

– अक्का