घरात तीन राउटर असताना रिमोट डेस्कटॉप का लागत नाही?

खारघरच्या घरी तीन राउटर, रिमोट डेस्कटॉपचा (म्हणजे दूरवरून घरचा पीसी वापरण्याचा) ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून येणारी विनंती राउटरने पीसीकडे पाठवावी अशी सोय केलीय, तरी ऑफिसातून घरचा पीसी लागत नाही. आणखी भारी राउटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. याच मुद्द्यावर आमच्या घरात प्रचंड वाद झालाय, म्हणून लिहितेय.

ऐरोलीला आमचं रो-हाउस. तळमजल्यावर केबलवाल्याने बसवलेला डबा, पहिल्या मजल्यावर मोठ्या दिरांचा राउटर, वर आमचा. मी नौपाड्यात एका सीएंकडे अकाउंट्स बघते आणि माझा टॅलीचा जुना डेटा वरच्या पीसीवर. क्लायंट समोर बसलेला असायचा, फाइल घरी. भाऊजींचं एकच पालुपद: "राउटर हलका आहे, भारीतला घेऊ." घेतला, तरी लागलं नाही. मग "विंडोजच खराब आहे."

शेवटी मी पीसीवरून ट्रेसर्ट चालवलं, म्हणजे बाहेर जाताना वाटेत कोणकोणते राउटर लागतात ते दाखवणारी विंडोजची कमांड. १९२.१६८.२.१, मग १९२.१६८.१.१, मग १९२.१६८.०.१. म्हणजे तीन राउटर, तिन्ही आपापलं नॅट करतायत, आतल्या सगळ्यांना एका पत्त्यामागे लपवतायत. पोर्ट उघडला होता फक्त वरच्यावर. बाहेरची विनंती तळमजल्यावरच अडत होती आणि आम्ही बदलत होतो मधला राउटर! वरचे दोन्ही ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकले, म्हणजे ते नॅट न करता फक्त वायफाय देतात, आणि पोर्ट तळमजल्याच्या डब्यावर उघडला. "मग एवढा महागाचा घेतला कशाला?" यावरून दोन दिवस अबोला.

तरीही लागेना. उरलेल्या डब्याचा वॅन आयपी (त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा, आणि 'माय आयपी' दाखवणाऱ्या साइटवर भलताच. इथेच खरी गोम होती. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या सीजी-नॅटसाठी, म्हणजे कंपनीच्या पातळीवरच्या नॅटसाठी, राखून ठेवला गेला. आयपीव्ही४, म्हणजे या चार आकड्यांच्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते कमी पडतात, म्हणून एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतात. तिथला पोर्ट तुम्ही उघडूच शकत नाही, राउटर लाखाचा असला तरी. तुमचाही वॅन आयपी आधी बघा. तिथे '१०.' किंवा '१९२.१६८.' ने सुरू होणारा दिसला, तरी वर आणखी कोणीतरी नॅट करतंय.

केबलवाल्याने पब्लिक आयपीचे वेगळे पैसे सांगितले. त्याऐवजी मी पीसीवर आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर टेलस्केल टाकलं (पोर्ट न उघडता दोन्ही मशीन खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर), काम झालं. पब्लिक आयपी मिळाला असता, तरी ३३८९ थेट इंटरनेटला उघडला नसता. २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची सुरक्षेतली खोट सापडली, ती इतकी गंभीर की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला. "आपल्या घरात कोण घुसणार?" हा भाऊजींचा युक्तिवाद मला मान्य नाही. उघडे पोर्ट शोधणारी यंत्रं कोणाचं घर ते बघत नाहीत.

हो, घरच्या पीसीवर विंडोज होम असेल तर त्याला बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जोडताच येत नाही, त्यावर प्रो लागतं. पीसीचं स्लीप बंद ठेवा. आणि पोर्ट फॉरवर्डिंगची चाचणी घरच्या वायफायवरून करू नका, मोबाइल डेटावरून करा. बरेच राउटर आतून स्वतःच्याच पब्लिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत.

भाऊजी गणपतीत पाहुण्यांना अजून सांगतात, नवीन राउटरमुळे चालू झालं. तो राउटर आज फक्त पहिल्या मजल्याला वायफाय देतो. तुमच्याकडे कोणी खरेदीचा सल्ला देत असेल, तर त्यांना आधी वॅन आयपी वाचून दाखवायला सांगा.