'यादृच्छिक प्रतिसाद' नको, 'कौल' घ्या

एका संशोधक विद्यार्थिनीने विचारले आहे की 'रँडमाइज्ड रिस्पॉन्स' या, नाजूक प्रश्नांची खरी उत्तरे मिळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाहणीच्या तंत्राला प्रबंधात 'यादृच्छिक प्रतिसाद' म्हणावे का, आणि 'वेटेड सँपल'साठी 'भारित नमुना' बरा की 'वजनदार नमुना'. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'म्हणू नये' असे आहे. दुसऱ्याकडे नंतर वळतो.

'यादृच्छिक' या शब्दाचे आपण आधीच पुरेसे नुकसान केले आहे. 'सोयीनुसार यादृच्छिक पद्धतीने शंभर पालक निवडले' असे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचले आहे की आता ते दिसले की पुढचे आकडे वाचण्याची इच्छाच उरत नाही. बसस्थानकावर जो भेटला त्याला विचारणे ही यादृच्छिक निवड नव्हे. निवडले जाण्याची प्रत्येकाची शक्यता आधीपासून ठाऊक असावी, ती कोणाचीही शून्य नसावी, आणि निवडणाऱ्याच्या आवडीला किंवा सोयीला तिथे शिरकाव नसावा, एवढे सांभाळले तरच तो शब्द वापरण्याचा अधिकार येतो. म्हणजे ज्या ठिकाणी मनमानी बंद होते, त्या ठिकाणासाठी असलेला शब्द आपण मनमानीसाठीच वापरतो आहोत.

याचे मूळ एका चुकीच्या फोडीत आहे. 'यदृच्छा' म्हणजे 'यद् + इच्छा', जशी इच्छा तसे, असे पुष्कळांना वाटते. तसे असते तर संधी 'यदिच्छा' असा झाला असता. मधला ऋकार आला कुठून याचा विचार कोणी करत नाही. तो येतो 'ऋच्छति' या रूपातून. 'पा'चे 'पिबति' आणि 'दृश्'चे 'पश्यति' करणाऱ्या सूत्रातच पाणिनी 'ऋ' या गत्यर्थक धातूला 'ऋच्छ' असा आदेश सांगतो. जे आपसूक चालून येते, येऊन पोहोचते, ती यदृच्छा. अमरकोशाने 'यदृच्छा स्वैरिता' असा अर्थ दिला आहे आणि नंतरचे कोशकार तो इमानाने उतरवत आले आहेत, पण अमरसिंहाचा अधिकार मान्य करूनही हा अर्थ मला मूळचा वाटत नाही. गीतेतल्या 'यदृच्छालाभसन्तुष्टः' या पदात स्वैरिता घालून पाहावी. स्वतःच्या मर्जीने मिळवलेल्या लाभावर संतुष्ट राहणाऱ्याची थोरवी कोणी कशाला गाईल? श्वेताश्वतर उपनिषद जगाचे कारण शोधताना काल, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छा बसवते, तिथेही कोणाची लहर अभिप्रेत नाही. संख्याशास्त्राच्या परिभाषेत हा शब्द घेणाऱ्यांनी उत्तम निवड केली होती. वापरणाऱ्यांनी ती वाया घालवली.

आता 'यादृच्छिक प्रतिसाद'. हा शब्दप्रयोग वाचणाऱ्याला असे सांगतो की उत्तर देणाऱ्याने वाटेल ते उत्तर दिले. तंत्र नेमके याच्या उलट आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर यांनी ते मांडले, कारण गर्भपात, करचुकवेगिरी किंवा अमली पदार्थ यांविषयी सरळ विचारले की लोक गप्प बसतात किंवा खोटे सांगतात. समजा, दहा पत्ते आहेत. सातांवर 'मी कर चुकवला आहे' असे विधान आहे आणि तिघांवर 'मी कर चुकवलेला नाही' असे. माणसाने एक पत्ता ओढायचा, प्रगणकाला न दाखवता वाचायचा आणि त्यावरचे विधान खरे असेल तर 'हो', नसेल तर 'नाही' म्हणायचे. 'हो' ऐकून प्रगणकाला त्या माणसाविषयी निश्चित काही कळत नाही, पण हजार माणसांत ३८० 'हो' आले तर गणित सुटते: ०.३८ मधून ०.३० (तीन पत्त्यांचा वाटा) वजा करायचे आणि ०.४० ने (०.७० आणि ०.३० यांतल्या फरकाने) भागायचे, की उत्तर येते ०.२०, म्हणजे वीस टक्के. पत्ता यदृच्छेने येतो. प्रतिसाद यदृच्छेने येत नाही; तो प्रामाणिक असतो, किंबहुना त्याला प्रामाणिक राहता यावे म्हणूनच हा खटाटोप आहे.

मग शब्द कोणता? माझ्या मते मराठीत तो तयार आहे, आणि इतका चपखल आहे की वॉर्नर यांचे तंत्र समजून घेताना तो माझ्या मनात आला त्या दिवसापासून मला दुसरा शब्द सुचलेला नाही. तो शब्द म्हणजे 'कौल'. घरावरचे नपुंसकलिंगी कौल नव्हे, पुल्लिंगी कौल. हा अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ बोल, वचन. 'कव्वाल' आणि 'कव्वाली' त्याच धातूचे, म्हणजे हा शब्द ज्या कुळातला, त्याच कुळात गाणाराही आहे. 'कबूल' आणि 'कबुली' मात्र वेगळ्या धातूपासून आलेले आहेत, त्यांना उगाच या घरात आणू नये.

मराठीत आल्यावर या शब्दाने दोन अर्थ कमावले, आणि मोल्सवर्थच्या कोशात ते दोन्ही नोंदलेले आहेत. पहिला अर्थ राज्यकारभारातला. सरकार रयतेला जो कौल देई, तो कौलनामा म्हणजे लेखी अभय: गाव सोडून गेलेल्या कुणब्याने परत यावे, जमीन कसावी, ठरल्यापेक्षा अधिक मागणार नाही आणि उपद्रव देणार नाही. पडीक जमीन पहिल्या वर्षी थोड्या साऱ्यावर देऊन तो वर्षागणिक वाढवत नेण्याचा इस्तावाही कौलावरच चाले. दुसरा अर्थ देवळातला. कोकणात आणि गोव्यात आजही देवाला कौल लावतात. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळे मूर्तीवर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालतो, जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात, आणि मग सगळे नुसते पाहत उभे राहतात. ओलावा सुकू लागतो. समईच्या उजेडात एखादी पाकळी किंचित हलते, कोणी बोलत नाही, आणि ती उजवीकडून पडली की कौल उजवा झाला. पाकळीला कोणी हात लावत नाही, हेच त्या कौलाचे बळ असते.

वॉर्नर यांच्या तंत्राशेजारी हे ठेवून पाहावे. माणसाच्या हाताबाहेरचे निवडीचे साधन त्यात आहे; उत्तर देणाऱ्याला मिळणारे अभय आहे, आणि तेही प्रगणकाच्या शब्दावर नव्हे तर गणितावर उभे असलेले; शिवाय शेवटी माणसाचा बोल आहे. पाकळी, कौलनामा आणि बोल या तिन्ही छटा एकट्या 'कौल' शब्दात नांदतात. 'रँडमाइज्ड रिस्पॉन्स' या दोन इंग्रजी शब्दांत अभयाचा तर मागमूसही नाही, आणि तंत्राचा प्राण तर तोच आहे.

यावर एका जाणकार स्नेह्यांनी आक्षेप घेतला की देवाच्या कौलात प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तर यदृच्छेने येते, तर इथे प्रश्न यदृच्छेने येतो आणि उत्तर माणूस देतो, तेव्हा उपमा उलटी पडते. आक्षेप वॉर्नर यांच्या मूळ रचनेपुरता खरा आहे, पण ते पुढच्या रचना विसरतात. फासा टाकून एक पडला तर 'हो' म्हणायचे, सहा पडला तर 'नाही' म्हणायचे, मधले काही पडले तरच स्वतःचे खरे सांगायचे, अशीही एक रचना आहे, आणि तिथे काही जणांचे उत्तर फासाच देतो. दुसरे असे की निरागस प्रश्न मिसळण्याची युक्ती १९६७ मध्ये हॉर्विट्झ, शाह आणि सिमन्स यांनी मांडली. तिच्या आधाराने नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गर्भपातविषयक पाहणीत बाईच्या हाती लाल-निळ्या गोळ्यांची बंद डबी देत. डबी हलवायची, लाल गोळी समोर आली तर गर्भपाताविषयीच्या विधानाला उत्तर द्यायचे, निळी आली तर 'माझा जन्म एप्रिलमधला आहे' या विधानाला. डबीतली गोळी पाहणारी ती बाई आणि पाकळीकडे पाहणारा गावकरी यांच्यात मला साम्यच अधिक दिसते.

'कौलोत्तर' हा जोडशब्द मलाही मोहात पाडत होता, आणि अरबी-संस्कृत संधीला नाक मुरडणाऱ्यांनी 'जिल्हाधिकारी' हा शब्द रोज उच्चारताना थोडे थांबून पाहावे. पण 'मतदानोत्तर'च्या सवयीने त्याचा अर्थ 'कौलानंतरचा' असा लागेल, म्हणून तो सोडला. 'कौलपद्धत' म्हणावे, आणि पत्ते, फासा, डबी यांना 'कौलाचे साधन'. प्रबंधात एक गोष्ट मात्र अवश्य लिहावी: अभय फुकट मिळत नाही. वर सांगितलेल्या सात-तीन पत्त्यांत आणि वीस टक्क्यांच्या उत्तरात, सगळे खरे बोलत असते तर सरळ प्रश्नाने हजार माणसांत जी अचूकता मिळाली असती, ती गाठायला कौलपद्धतीत नऊ हजारांहून अधिक माणसे लागतात. पत्ते पाच-पाच केले तर अभय पूर्ण मिळते, पण भागाकार शून्याने करावा लागतो आणि काहीच कळत नाही.

राहिला भाराचा प्रश्न. 'भारित' लिहावे. मराठीत वजन म्हणजे वट, आणि 'वजनदार नमुना' वाचून समोर एखादी प्रतिष्ठित आसामी उभी राहते. 'भार' हा 'भृ' म्हणजे वाहणे, पोसणे या धातूचा, आणि नमुन्यात तेच घडते: हजार कुटुंबांच्या गावातून समान शक्यतेने वीस निवडली तर प्रत्येक कुटुंब पन्नासांचा भार वाहते. निवडीची शक्यता जितकी कमी, तितका भार मोठा. शक्यता असमान असतानाही हाच व्यस्त भार वापरून बेरीज काढण्याची रीत १९५२ मध्ये हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांनी सिद्ध केली, आणि हे हॉर्विट्झ वरचेच, डॅनियल हॉर्विट्झ. तेव्हा विद्यार्थिनीने दोन्ही प्रश्न एकत्र विचारले यात मला नवल वाटत नाही. तिच्या पाहणीत पन्नासांचा भार असलेल्या कुटुंबातून 'हो' आले तर आधी ते पन्नासदा मोजायचे, त्या भारित 'हो'चे प्रमाण काढायचे आणि मगच त्यातून पत्त्यांचा वाटा वजा करायचा. प्रकरणाचे शीर्षक 'कौलपद्धतीने घेतलेल्या उत्तरांचे भारित प्रमाण' असे ठेवता येईल.