निधी पाच मुलांचा, नॉमिनी तुमचा मुलगा

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. तालुक्यातल्या पाच मुलांना ज्युवेनाइल आर्थ्रायटिस, म्हणजे लहान वयातला संधिवात आहे. त्यांच्यासाठी बाईंनी गणपतीत आलेल्या चाकरमान्यांकडून आणि यूपीआयवरून ६ लाख जमवले. त्यांतून बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या 'गॅरंटीड' विमा योजनेचा १ लाख २० हजारांचा पहिला हप्ता भरला. पॉलिसी हातात पडून अठरा दिवस झालेत. प्रश्न एवढाच, की पुढचे हप्ते भरू की उरलेले पैसे पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवू?

दोन्ही नको.

बाई, तुम्ही जाता जाता लिहिलंय, की खातं तुमच्या एकटीच्या नावावर, पॉलिसीही तुमच्याच नावावर आणि नॉमिनी मुलगा. सगळा घोळ इथेच आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर पाच मुलांचा पैसा कागदोपत्री तुमच्या वारसांचा. शिवाय नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५० हजारांवर आलेली रक्कम आयकर खातं तुमचं उत्पन्न धरू शकतं. आणि नोंदणी नसताना अशी वर्गणी काढायची, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी लागते. पत्रात तिचा उल्लेखच नाही.

आधी पॉलिसी. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी नको असल्यास परत करायचे, ३० दिवस असतात, म्हणजे तुमच्याकडे बारा उरलेत. विमा कंपनीला थेट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साहेब 'बघतो' म्हणतील, त्यांच्यावर विसंबू नका. मुद्रांक शुल्क आणि झाल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी परत मिळेल. दहा वर्षांचे हप्ते १२ लाख, जमलेत ६. 'पुढच्या गणपतीत दुप्पट जमतील' या आशेवर कोणी हप्ते बांधून घेतं का?

नवा ट्रस्ट काढायला वेळ जातो. तुमच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असेलच. ते नोंदणीकृत आहे का आणि घटनेत वैद्यकीय मदत हा उद्देश आहे का, ते पाहा. असल्यास ठराव करून निधी त्यांच्या वेगळ्या खात्यात चेकने वळवा, चेकवर दोन सह्या ठेवा आणि देणगीदारांना तसं कळवा. वळवण्याआधी कागद एखाद्या सीएला दाखवा. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे त्याच कायद्याच्या कलम ३५ ने बांधलेलं आहे, त्यात असली पॉलिसी बसत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला तर बँकेसारखं ५ लाखांचं विमाछत्रही नाही.

आता 'व्याजावर उपचार कायम चालतील' हे तुमचं स्वप्न. ६ लाखांवर ७ टक्के म्हणजे वर्षाला ४२ हजार. पाच मुलांत वाटले तर महिन्याला प्रत्येकी ७००. त्यात काय होणार?

मुद्दलच खर्चा. चिपळूणहून मुलाला आणि एका पालकाला घेऊन मुंबईची फेरी, राहणं-खाणं आणि तपासण्या मिळून साडेसहा हजार धरा. वर्षाला चार फेऱ्यांचे २६ हजार, गोळ्या आणि फिजिओथेरपीचे १२ हजार. माणशी ३८ हजार, ढोबळ ४० धरा; पाचांचे २ लाख. निधी तीन वर्षं पुरतो. २ लाख बचत खात्यात, २ लाख एक वर्षाच्या आणि २ लाख दोन वर्षांच्या एफडीत ठेवा, मंडळाच्याच नावावर. औषधांचे आणि लॅबचे पैसे बिलावर थेट दुकानाला द्या. प्रवासखर्च तेवढा पालकांच्या हाती.

घरचे पहिली काट मारतात ती डोळ्यांच्या तपासणीला. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते, तेव्हा बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट-लॅम्प या तपासणी यंत्रावरच दिसते. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, काहींना दर तीन महिन्यांनी, तपासणी करावीच लागते. त्या पैशाला हात लावू नका.

बायोलॉजिक इंजेक्शनाचा, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या महागड्या औषधाचा खर्च मात्र या हिशेबात नाही. एकच मूल त्यावर गेलं तरी निधीचा मोठा घास जाईल. सुरू करण्याआधी स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध चालेल का ते डॉक्टरांना आणि सवलत कुठे मिळेल ते रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा. किमान वर्षभराची सोय कागदावर दिसल्याशिवाय पालकांना 'हो' म्हणू नका.