पहिल्या बाळंतपणानंतर खूप खचले होते, कुणाला सांगितलं नाही. आता सातवा महिना आहे. या वेळी मानसिक आधार आधीच शोधून ठेवायचा तर सुरुवात कुठून करू?

अजून काही बिघडलेलं नसताना तुम्ही हे विचारताय, हे फार बरं केलंत. मी याच शोधाला लागले तेव्हा मुलगा अकरा आठवड्यांचा झाला होता. डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून घेतला आणि तीन दिवस तो कागद नुसता बघत बसले. मदत शोधायला जेवढं बळ लागतं, नेमकं तेवढंच हा आजार आधी काढून घेतो. म्हणून जुळवाजुळव आत्ता, डोकं ताळ्यावर असताना करून ठेवा.

मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं झालेली बाई आहे. पहिल्या वेळी दुखणं अंगावर काढलं, दुसऱ्या वेळी नाही काढलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

सुरुवात नव्या कुणाला शोधण्यापासून करू नका. तपासणीला ज्या डॉक्टरांकडे जाताच आहात, त्यांनाच पुढच्या भेटीत मागच्या वेळचं सांगा. फक्त कसं सांगता याला महत्त्व आहे. मी पहिल्या वेळी म्हटलं होतं, "खूप थकवा येतो." उत्तर मिळालं, "बाळ लहान आहे, थकवा येणारच." विषय तिथेच संपला. दुसऱ्या वेळी वाक्यं घरून लिहून नेली: "मागच्या बाळंतपणानंतर चार महिने मी रोज रडत होते. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नव्हती. आपण नसतो तर बरं, असं वाटायचं. हे पुन्हा होऊ नये म्हणून मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा." नजर कागदावर ठेवून वाचलं, त्यामुळे मध्येच रडू फुटलं तरी वाचून पूर्ण झालं. तुमची वाक्यं वेगळी असतील. किती दिवस टिकलं आणि काय काय बंद पडलं, हे दोन्ही त्यात असू द्या.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी. तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार (मन कधी टोकाचं उसळतं, कधी टोकाचं खचतं) आहे किंवा होता का? बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे खऱ्या-खोट्याचं भान सुटणं, हजारात एखाद-दुसऱ्या बाईला होतो, पण बायपोलर असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतो. डॉक्टरांना हे आधी माहीत असेल तर औषधांचं आणि झोपेचं नियोजन प्रसूतीआधीच करता येतं.

बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य हेरायला वापरतात त्या एडिंबरा प्रश्नावलीबद्दलही विचारा. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी व्हायला हवी असं धरतात, काही ठिकाणी १० पासूनच. त्यावरून निदान होत नाही, पण बोलायला धागा मिळतो. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, लगेच सांगा. "गोष्टी बिघडल्यावर उगाच स्वतःला दोष दिला का?" अशा अर्थाचाही एक प्रश्न आहे. त्याला मी सरळ "नाही" अशी खूण केली होती. माझ्या मते तो दोष "उगाच" नव्हताच, माझाच होता! म्हणून भरलेला कागद जवळच्या कुणाला तरी दाखवा.

ही प्रश्नावली आत्ता, सातव्या महिन्यातच भरा. बाळंतपणानंतर लक्षात येणाऱ्या नैराश्यापैकी जवळपास निम्म्याची सुरुवात प्रसूतीआधीच झालेली असते. तारीख घालून गुण लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल.

तज्ज्ञ निवडताना मी फोनवरच चार गोष्टी विचारल्या होत्या: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका तुमच्याकडे येतात का, पहिली भेट किती दिवसांत मिळेल, व्हिडिओवर बोलता येईल का, बाळाला घेऊन आले तर चालेल का. एका ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला "आधी दूध सोडा, मग बघू" असं ऐकायला मिळालं. मी दुसरीकडे गेले. अंगावर पाजताना घेता येण्याजोगी औषधं आहेत. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं आणि बऱ्याचदा आधी त्याचाच विचार होतो. उलट बायपोलर आणि फिट्सवर देतात ते व्हॅलप्रोएटसारखं औषध गरोदरपणात टाळतात. तुमच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका. तेही धोक्याचं असतं.

सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही. विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी सीबीटी आणि नात्यांमधल्या बदलांवर काम करणारी आयपीटी, या दोन्ही बोलण्याच्या उपचारांचा या काळात चांगला उपयोग होतो. मोठा तज्ज्ञ जवळपास नसेल तरी हात टेकू नका. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या ग्रामीण भागात साध्या आरोग्यसेविकांना सीबीटीवर आधारलेलं बोलणं शिकवलं आणि त्यांना गरोदरपणातच नैराश्य असलेल्या बायकांच्या घरी पाठवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात २३ टक्के आयांना नैराश्य होतं, असं बोलणं न मिळालेल्या दुसऱ्या गटात ५३ टक्के. हे २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तेव्हा नर्स किंवा आरोग्यसेविका विचारपूस करायला आली तर "सगळं ठीक" म्हणून तिला वाटेला लावू नका.

बाळ झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास कारण नसताना रडू येतं, बहुतेकींना येतं, आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं तर फोन करायचा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइडचा बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. आणि एक आडवाट: आईच्या तपासण्या लवकर संपतात, बाळाच्या लसीच्या तारखा मात्र चालू राहतात. बाळाच्या डॉक्टरांनाही सांगता येतं. मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिथेच.

एक गोष्ट मात्र मी तिथेही लपवली. बाळ आपल्या हातून पडलं तर, आपणच त्याला काही केलं तर, असे विचार डोक्यात चमकून जायचे आणि अंगाला कापरं भरायचं. सांगितलं तर बाळ काढून घेतील, ही भीती. नंतर कळलं की असे नको असलेले विचार कितीतरी आयांना येतात. विचाराने आई स्वतःच हादरते, ही त्याची खूण. सायकोसिसमध्ये मात्र तो विचार खराच वाटायला लागतो. झोप जवळजवळ नाही तरी अंगात भलताच जोर, सुसाट बोलणं, संशय, कुणाचे तरी आवाज ऐकू येणं, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि तोवर बाळाजवळ तिला एकटं ठेवायचं नाही. हे तिला स्वतःला कळत नाही, म्हणून घरच्यांना आधीच समजावून ठेवा.

नवऱ्याकडेही लक्ष असू द्या. साधारण दहातल्या एका बापाला या काळात नैराश्य येतं आणि त्याला कुणी विचारतही नाही.

इंग्रजी समजत असेल तर पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल या संस्थेचे ऑनलाइन गट आहेत, मोफत आहेत. मी दोनदा कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत बसले. तेवढ्यानेही बरं वाटलं.

हे सगळं, म्हणजे नंबर, ती वाक्यं, प्रश्नावलीचे गुण आणि धोक्याच्या खुणा, एका कागदावर लिहून तो दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. "दोन आठवड्यांनंतरही मी रडत असेन तर मला न विचारता फोन लाव," असं बजावून. दुसऱ्या वेळी आमच्याकडे तो फोन सोळाव्या दिवशी नवऱ्याने लावला. मी बाजूला बसून होते, आणि फोन हातात आल्यावर कागदावरचं वाचून दाखवलं.