आज किती ग्रॅम?

"मॅडम, नोकरी सोडू का?" माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बहुतेक नर्सेसनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला आहे. कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाच्या सासूबाई 'जगाची सेवा करतेस, घरचं कोण बघणार?' असं ऐकवतात. मुळाशी सल एकच. घराला वेळ देता येत नाही, म्हणजे मी आई म्हणून कमी पडले. म्हणून ही एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. नावही देत नाही. वॉर्डात सगळे म्हणतात तसं आपणही त्यांना सिस्टरच म्हणू.

सिस्टर नाशिकच्या. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ११ वर्षं काम केलेलं. पाळ्या सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, नाहीतर रात्री ८ ते सकाळी ८. नवरा सातपूरच्या एमआयडीसीत, त्यालाही शिफ्ट. घरात सासूबाई आणि ७ वर्षांची मुलगी. पहिल्या भेटीत त्या मुलीबद्दलच बोलत राहिल्या. हट्टी झालीय, अभ्यासाला बसत नाही, आणि हल्ली ड्युटीचे बूट लपवते. एकदा तर ते गव्हाच्या डब्यात सापडले.

बाकीचं मी ऐकून घेतलं. ते बूट मात्र माझ्या डोक्यातून जाईनात.

"कधी लपवते?"

"नाईट असली की."

"आणि तुम्ही घरातून निघता कशा?"

त्या जरा घुटमळल्या. "तिला टीव्हीसमोर बसवते आणि मागच्या दारानं हळूच निघते. सांगितलं की रडते. मग माझा पाय निघत नाही."

"वॉर्डातूनही अशाच हळूच निघता?"

"छे! पुढच्या पाळीला सगळं सांगून हँडओव्हर दिल्याशिवाय कशी निघेन?"

बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला. मला काही समजवावं लागलं नाही. आई कोणत्या क्षणी नाहीशी होईल हे ज्या मुलीला कळत नाही, ती आई घरात असतानाही पहाऱ्यावर असणार. मग अभ्यासात लक्ष कुठून लागणार?

पण त्या चोरून का निघायच्या? घराबाहेर पडणं हाच गुन्हा वाटत होता म्हणून. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे, त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. सिस्टरांच्या बोलण्यात तो ठायी ठायी होता. 'मुलीच्या जेवणाला मी असायलाच हवं.' 'वाढदिवसाला सुट्टी मिळालीच पाहिजे.' इच्छा रास्त आहेत. त्यांच्या मागण्या झाल्या की एक चुकलेलं जेवणही शिक्षा होऊन बसतं. हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण ते आत गेलं नाही. सहाव्या भेटीत मी तो विषय बाजूला ठेवला आणि त्यांच्या बाळांबद्दल विचारलं.

त्या खुलल्याच. ११०० ग्रॅमचं एक बाळ होतं. त्याच्या आईला हात लावायचीही भीती वाटायची. तिला बसवून, बाळ छातीशी उघड्या अंगाला लावून, कांगारू मदर केअर द्यायला सिस्टरांनीच शिकवलं होतं.

"रोज किती वजन वाढतं?"

"पंधरा, वीस ग्रॅम. कधी कधी घटतंसुद्धा."

"एवढंसंच?"

"एवढंसं?" त्या जवळजवळ रागावल्या. "मॅडम, वीस ग्रॅम म्हणजे आमच्याकडे चांगला दिवस!"

मी थोडं थांबले. "मग घरी किलोनं का मोजता?"

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग रडल्या, आणि त्या रडण्यात अपराधीपणा नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात मला सुचलेल्या काही मोजक्या चांगल्या प्रश्नांत मी हा धरते. उत्तर त्यांच्याच कामात होतं, मी फक्त ते घरापर्यंत आणलं.

पुढचं सोपं होतं, आणि तुम्हालाही करता येईल. महिन्याची ड्युटी लागली की ती मुलांसमोर कॅलेंडरवर लिहा, रंग त्यांना भरू द्या. निघताना समोरच्या दारानं निघा. कुठे जाते, कधी येते, तोवर कोण आहे, हे तीन वाक्यांत सांगा. मूल रडेल, रडू द्या. फसवलं गेल्यापेक्षा ते रडणं बरं. नाईट करून आल्यावर आधी झोपा. पेंगत दिलेला वेळ मुलाला नको असतो आणि तुम्हालाही पुरत नाही. नवऱ्याला एकदा तरी समुपदेशनाला सोबत आणा. सिस्टरांचे यजमान एकदाच आले, पण सकाळचा डबा त्यांनी स्वतःकडे घेतला.

एक गोष्ट बहुतेकजणी करत नाहीत. कामातला आनंद त्या घरी आणत नाहीत. घरी येतो तो फक्त थकवा, आणि मुलांना वाटतं, आपली आई कुठेतरी दमायलाच जाते. कुणाचं नाव न घेता, रोज एक गोष्ट सांगा.

हेही स्पष्ट सांगते. माणसं कमी म्हणून सतत डबल ड्युटी लागत असेल, हक्काची रजा नाकारली जात असेल, तर तो तुमच्या मनाचा दोष नाही. ते सोसायची ताकद यावी म्हणून माझ्याकडे येऊ नका. इन्चार्जकडे, मेट्रनकडे लेखी मागणी करा, एकटीनं नको, चौघींनी मिळून. सिस्टरांनी महिन्यातल्या दोन संध्याकाळी अशाच मागून घेतल्या.

शेवटच्या भेटीला त्या ते कॅलेंडर घेऊन आल्या. ड्युटीच्या चौकोनांत मुलीच्या अक्षरात आकडे होते: १२४०, १२६०, १२५५, १२८०. आई दारात आली की ती आधी विचारते, "आज किती ग्रॅम?" बूट आता तीच दाराशी आणून ठेवते. एखाद्या नाईटला त्यातला एक अजूनही सापडत नाही, आणि मग दोघी मिळून तो शोधतात.