मंजुरीपत्र आले म्हणून कॅमेरे बसवू नका

मंदिराच्या भिंतीवर कुणी रात्रीत द्वेषाच्या घोषणा रंगवल्या, आता नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट (अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून ना-नफा संस्थांना सुरक्षेसाठी मिळणारे अनुदान) मंजूर झाली आहे, तेव्हा गणेशोत्सवाआधी कॅमेरे आणि फाटक बसवून बिले मागाहून सादर केली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. आमच्या संस्थेपुढे अगदी हाच प्रश्न होता. ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त ना-नफा संस्थेचा दर्जा, केंद्र सरकारकडील संस्थेचा यूईआय हा ओळख क्रमांक, राज्यामार्फत अर्ज हे सारे आपण पार पाडलेच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझे उत्तर स्पष्ट आहे: बसवू नका. ही ग्रँट देणाऱ्या फेमाच्या (केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) पैशातून इमारतीत किंवा आवारात काहीही बसवायचे असेल, तर पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तू यांविषयीची तपासणी, म्हणजे ईएचपी, आधी पूर्ण होऊन लेखी संमती यावी लागते. भिंतीला भोक पाडून लावलेला साधा कॅमेराही यात येतो. इमारत ५० वर्षांहून जुनी असेल तर चौकशी वाढते, आणि आपली कित्येक मंदिरे जुन्या चर्चच्या वास्तूंत भरतात.

आमच्या राज्यात ही ग्रँट सांभाळणाऱ्या कार्यालयातील अधिकाऱ्याने फोनवर सांगितले की कॅमेरे ही किरकोळ बाब आहे, कामाला लागा, कागद नंतर पाहू. काम झाले, ठेकेदाराचे पैसे चुकते झाले, आणि त्याच कार्यालयाने तपासणीआधी काम केल्याचे कारण देऊन कॅमेऱ्यांचा संपूर्ण खर्च नाकारला. तोवर ते गृहस्थ दुसऱ्या विभागात गेले होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंकडे त्या बोलण्याची कसलीही नोंद नव्हती. माझी तक्रार नियमाविषयी नाही. नियम लेखी होता आणि आहे. मात्र आमच्या ई-मेलला ई-मेलने उत्तर न देता प्रत्येक वेळी फोनच करायचा, ही पद्धत निव्वळ योगायोगाची नव्हती असे मला आजही वाटते, जरी ते सिद्ध करता येणार नाही. म्हणून प्रत्येक फोननंतर ‘आज आपण असे सांगितलेत, चूक असल्यास कळवावे’ असा ई-मेल त्याच दिवशी पाठवा.

ही ग्रँट आधी खर्च करा आणि मग परतावा मागा अशी चालते, हे कार्यकारिणीला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. २०२४ च्या नेहमीच्या फेरीत एका जागेसाठी कमाल मर्यादा दीड लाख डॉलर होती. एवढी रक्कम परतावा येईपर्यंत कुठून आणायची, याचे उत्तर खजिनदाराकडे असले पाहिजे. घाईचे तसे कारणही नाही, कारण २०२४ च्या ग्रँटमध्ये कामाची मुदत ३६ महिन्यांपर्यंत होती. उत्सवापुरते कंत्राटी सुरक्षारक्षक ठेवता येतील. त्यात इमारतीला हात लागत नाही, पण तो खर्च मंजूर अंदाजपत्रकात असावा लागतो.

जाता जाता: कार्यकारिणीतील कुणाचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय असेल, तर तो कितीही स्वस्तात काम देऊ करत असला तरी त्याला दूर ठेवा. हितसंबंधांचा प्रश्न लेखापरीक्षणात निघतोच.

मी वकील नाही, आणि माझा अनुभव एकाच राज्याचा आहे. आपल्या मंजुरीच्या वर्षाचे, ग्रँटच्या अटी सांगणारे फेमाचे सूचनापत्र स्वतः वाचा, कारण अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात. ईएचपीच्या अर्जासाठी काम होणाऱ्या प्रत्येक जागेची छायाचित्रे आणि बांधकामाचे वर्ष लागते. ते वर्ष काउंटीच्या नोंदींतून आत्ताच शोधायला घ्या, आम्हाला ते सहजासहजी मिळाले नव्हते.